भस्मासुराला वर कोणी दिला?

आपल्या मराठी भाषेत राक्षसांना मरण नाही. पुराणांत त्यांचा वध केव्हाच झाला. परंतु बोलण्यात ते अजून घरोघर सुखाने नांदत आहेत. ताटावर तुटून पडणाऱ्या मुलाला आई ‘बकासुर’ म्हणते, दहा हाका मारूनही अंथरूण न सोडणाऱ्याला ‘कुंभकर्ण’ म्हणते, आणि कजाग बाईला मागे ‘त्राटिका’ म्हणण्याची पद्धत अद्याप गेलेली नाही. या प्रत्येक नावाने आपल्या मूळ कथेतला एकच गुण बरोबर आणला आहे. बकासुराने भूक आणली, कुंभकर्णाने झोप आणली. बाकीची कथा मागे राहिली तरी काही बिघडले नाही, कारण जो गुण हवा होता तो शाबूत राहिला.

याच पंक्तीत बसणारे आणखी एक नाव आहे, ते म्हणजे भस्मासुर. या नावाच्या बाबतीत मात्र उलटा प्रकार झाला आहे असे मला वाटते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत, वक्तृत्व स्पर्धांत आणि आपल्याच परीक्षांतील निबंधांत हा असुर सारखा भेटतो. महागाईचा भस्मासुर, भ्रष्टाचाराचा भस्मासुर, लोकसंख्येचा, प्रदूषणाचा, बेकारीचा, व्यसनाचा आणि हल्ली मोबाइलचा भस्मासुर. जे काही मोठे, वाईट आणि आटोक्याबाहेरचे असेल त्याला हे नाव द्यायचे, असा जणू नियमच झाला आहे. परंतु भस्मासुराचा विशेष मोठेपणा नव्हे, भूकही नव्हे. स्वतःच्या प्रयत्नाने स्वतःचाच घात कसा होतो, हे सांगण्यासाठी मराठीला मिळालेला हा एक अतिशय नेमका शब्द आहे. तो आपण बोथट करीत आहोत, आणि त्यात केवळ भाषेचे नुकसान नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे.

कथा आणि तिची रूपे

कथा सर्वांना ठाऊक असते. तरी तिच्यातील काही बारकावे पुढच्या विवेचनाला लागणार आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो.

भागवत पुराणाच्या दहाव्या स्कंधात अठ्ठ्याऐंशीव्या अध्यायात ही कथा येते. तेथे असुराचे नाव भस्मासुर नसून वृकासुर आहे. तीन देवांपैकी लवकर प्रसन्न होणारा कोण, असे तो नारदाला विचारतो. नारद शंकराचे नाव सांगतो. वृकासुर केदारक्षेत्री जाऊन स्वतःचे मांस अग्नीत अर्पण करू लागतो. सातव्या दिवशी तो स्वतःचे मस्तक कापणार, इतक्यात शंकर प्रकट होतो आणि हवा तो वर मागण्यास सांगतो. ‘मी ज्याच्या डोक्यावर हात ठेवीन तो मरावा,’ हा तो वर. तो मिळताच असुराला त्याची परीक्षा पाहण्याची बुद्धी होते आणि तो पहिला हात उगारतो तो वर देणाऱ्यावरच. शंकर पळत सुटतो. शेवटी विष्णू बटूचे रूप घेऊन असुराला गाठतो आणि म्हणतो, ‘शंकराच्या शब्दावर विश्वास कसा ठेवलास? खरे-खोटे पाहावयाचे असेल तर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून पाहा.’ असुर हात ठेवतो आणि कोसळतो.

आपल्याकडे लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत बटूच्या जागी मोहिनी येते. ती नाचत नाचत असुराला आपल्यासारखे हावभाव करावयास लावते आणि नाचाच्या ओघात त्याचा हात त्याच्याच माथ्यावर पडतो. भागवतात असुर युक्तिवादाला फसतो, लोककथेत मोहाला फसतो, शेवट एकच. श्रीधरस्वामींनी १७१८ साली पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’तही भस्मासुराची कथा आहे, आणि ही पोथी घरोघर वाचली जात असल्यामुळे ती अक्षरशत्रूंपर्यंतही पोहोचली. कीर्तन, दशावतार आणि नाटक यांनी तिला रंग चढविला. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्याच वर्षी, म्हणजे १९१३ साली, दुसरा चित्रपट काढला तो ‘मोहिनी भस्मासुर’. पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम पुरुषाने केले होते. या दुसऱ्यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. भारतीय पडद्यावर स्त्री प्रथम आली ती या कथेतून. कथा किती लोकप्रिय होती याचा हा एक पुरावाच म्हणता येईल.

एका शब्दात दोन घात

आता या कथेकडे जरा निरखून पाहू. तिच्यात आत्मघात एक नाही, दोन आहेत.

पहिला घात वर देणाऱ्याचा. शंकराने शक्ती दिली ती प्रसन्न होऊन, चांगल्या भावनेने. ती कोणाला देत आहोत आणि ती कोणाकोणावर चालेल, याचा विचार त्याने केला नाही. ती शक्ती उलटून त्याच्याच मागे लागली. दुसरा घात वर घेणाऱ्याचा. त्याला कोणत्याही शत्रूने मारले नाही. ज्या हाताच्या जोरावर तो त्रैलोक्य जिंकू पाहत होता त्याच हाताने तो संपला.

म्हणून मराठीत या नावापासून दोन प्रकारचे प्रयोग निघाले. ‘अमक्याने हा भस्मासुर उभा केला’ असे आपण म्हणतो तेव्हा बोट देणाऱ्याकडे असते. ‘त्याचा भस्मासुर झाला’ असे म्हणतो तेव्हा बोट घेणाऱ्याकडे असते. दोन्ही प्रयोग कथेला धरून आहेत. पण दोहोंत तीन गोष्टी समान लागतात. कोणीतरी जाणूनबुजून दिलेली किंवा मिळविलेली शक्ती हवी. ती शक्ती खरी, परिणामकारक हवी. आणि घात त्या शक्तीच्या अभावाने नव्हे, तर त्याच शक्तीने व्हावयास हवा. वर, हात आणि माथा ही या शब्दाची तीन अंगे आहेत असे म्हटले तरी चालेल. तिन्ही असतील तरच भस्मासुर. एखादे नसेल तर दुसरा शब्द शोधावा.

आणि मराठीत दुसरे शब्द पुष्कळ आहेत. एखादे काम सरळ होत असता उगाच लांबच्या वाटेने केले तर तो द्राविडी प्राणायाम. त्यात श्रम वाया जातात, पण नाक शेवटी धरले जाते. घात होत नाही. एका संकटातून सुटण्यासाठी उडी मारावी आणि दुसऱ्यात पडावे, तर आगीतून फुफाट्यात. तेथे दुसरे संकट आपण निर्माण केलेले नसते. करायला गेलो एक आणि झाले भलतेच, तर गणपती करायला गेलो आणि झाला मारुती. याचे एक नमुनेदार उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. क्वीन्सलँडमधील उसावर पडणारे भुंगे खाण्यासाठी १९३५ साली हवाई बेटांतून शंभराच्या आसपास बेडूक आणून त्यांची पैदास करण्यात आली. भुंगे उसाच्या शेंड्याकडे, बेडूक जमिनीवर. बेडकांनी भुंग्यांचे फारसे काही बिघडविले नाही. मात्र ते स्वतः विषारी असल्याने त्यांना खाणारे तेथले वन्य प्राणी मरू लागले आणि बेडूक लाखोंनी पसरले. हा प्रयत्न फसला खरा. पण जी शक्ती हवी होती ती बेडकांत मुळातच नव्हती. म्हणून हा मारुती, भस्मासुर नव्हे.

दुसरे उदाहरण हनोई शहराचे. व्हिएतनामवर फ्रेंचांचे राज्य असताना १९०२ साली प्लेगच्या भीतीने त्यांनी उंदीर मारणाऱ्यास बक्षीस लावले. मेलेले उंदीर मोजण्यापेक्षा शेपट्या मोजणे सोपे, म्हणून एका शेपटीला एक सेंट असा दर ठरला. थोड्याच दिवसांत शेपटी तोडलेले जिवंत उंदीर रस्त्यांत दिसू लागले. शेपटी गेली तरी उंदराला पिले होतात, आणि पिलांना पुन्हा शेपट्या असतात, हे लोकांनी ओळखले होते. काहींनी तर उंदीर पाळायलाच सुरुवात केली. याला आपण पायावर धोंडा पाडून घेणे म्हणू. उपायच अपाय झाला. पण शक्ती मिळवून उलटलेला कोणी येथे नाही.

एवढे बारीक भेद आपल्या भाषेने जपून ठेवले आहेत. मग भस्मासुराचेच काय बिघडले?

शब्द बोथट कसा झाला

माझ्या समजुतीप्रमाणे याला दोन कारणे आहेत. पहिले कारण ध्वनीचे. ‘भस्मासुर’ म्हटले की कानाला ‘भस्म्या’ आठवतो. कितीही खाल्ले तरी भूक न शमण्याच्या रोगाला आपल्याकडे भस्म्या रोग म्हणतात. त्यातच ‘बकासुर’ हे यमक जुळणारे नाव शेजारी उभे. त्यामुळे भस्मासुर हा काहीतरी भयंकर खाणारा असावा, अशी एक अस्पष्ट समजूत तयार झाली.

दुसरे कारण व्याकरणाचे आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. ‘कोणी उभा केलेला भस्मासुर’ या रचनेत कर्ता सांगावाच लागतो. ‘महागाईचा भस्मासुर’ या रचनेत तो सांगावा लागत नाही. येथे ‘चा’ हा प्रत्यय मालकी दाखवीत नाही; महागाई हाच भस्मासुर, एवढेच तो सांगतो. या एका प्रत्ययाने वर देणारा कथेतून अलगद बाहेर काढला आहे. उरतो तो फक्त एक अक्राळविक्राळ असुर, कोठून आला ते ठाऊक नसलेला.

शब्द बरोबर वापरला की चूक, हे ओळखण्याची एक सोपी खूण मी माझ्यापुरती ठरविली आहे. पुढचे क्रियापद पाहावे. ‘भस्मासुर उभा केला’, ‘पोसला’, ‘उलटला’ अशी क्रियापदे असतील तर लेखकाला कथा आठवत आहे. ‘भस्मासुर आ वासून उभा आहे’, ‘भस्मासुराने गिळंकृत केले’, ‘भस्मासुराने थैमान घातले’ असे असेल तर त्याला बकासुर म्हणावयाचे आहे. ‘भस्मासुराचा विळखा’ असेल तर त्याला अजगर म्हणावयाचे आहे. भस्मासुर कोणाला गिळत नाही आणि कोणाला विळखाही घालीत नाही. तो फक्त हात ठेवतो, आणि तो हात त्याला कोणीतरी दिलेला असतो.

इंग्रजी वाङ्मय शिकणाऱ्या मित्रांना यावरून फ्रँकेन्स्टाइन आठवेल. मेरी शेली यांची ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फ्रँकेन्स्टाइन हे नाव निर्मात्याचे आहे. त्याने निर्माण केलेल्या प्राण्याला नावच नाही. परंतु लोकांनी ते नाव त्या प्राण्याला चिकटविले आणि निर्माता विसरला गेला. दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या कथांच्या बाबतीत अगदी एकच गोष्ट घडावी, हा योगायोग नसावा. राक्षस लक्षात ठेवणे सोपे असते. राक्षस घडविणारा लक्षात ठेवणे अडचणीचे असते.

नेमका वापर : एक पुस्तकाचे नाव

हा शब्द अचूक वापरलेला पाहावयाचा असेल तर वि. ग. कानिटकर यांच्या प्रसिद्ध पुस्तकाचे नाव घ्यावे : ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’. आपल्या ग्रंथालयात ते असेलच. वरवर पाहता हिटलर क्रूर होता म्हणून त्याला असुर म्हटले, असे वाटेल. पण इतिहास ताडून पाहिला तर ‘भस्मासुर’ हा शब्द तेथे किती तंतोतंत बसतो ते ध्यानात येते.

नोव्हेंबर १९३२च्या निवडणुकीत नाझी पक्षाला जर्मन संसदेतील ५८४ पैकी १९६ जागा मिळाल्या होत्या. जुलैमधील २३० पेक्षा त्या कमीच होत्या. म्हणजे हिटलरने बहुमताच्या जोरावर सत्ता घेतली नाही. ३० जानेवारी १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलरपद दिले, ते फॉन पापेन वगैरे जुन्या मंडळींच्या सल्ल्याने. मंत्रिमंडळात नाझी तिघेच, त्यात हिटलर धरून. बाकी आपली माणसे. तेव्हा याला वापरून घेऊ, असा त्यांचा हिशेब. २३ मार्च १९३३ रोजी संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी असा कायदा संमत केला की, सरकारला संसदेशिवायच कायदे करता यावेत. कम्युनिस्ट सभासदांना सभागृहात येऊच दिले नव्हते. विरोधात मत दिले ते केवळ समाजवादी लोकशाहीवाद्यांनी. दहशत होती हे खरे. पण कॅथलिकांच्या सेंटर पक्षासारख्या पक्षांनी वाटाघाटी करून, आश्वासने घेऊन आपली मते दिली. वर दिला गेला तो असा, ठरावाने आणि मतमोजणीने.

हात उगारला गेला तो प्रथम वर देणाऱ्यांवरच. जूनअखेर हुगेनबर्ग यांच्या राष्ट्रवादी पक्षाने, जो मंत्रिमंडळात भागीदार होता, स्वतःला विसर्जित केले. जुलैच्या आरंभी सेंटर पक्ष संपला. १४ जुलैला नाझी पक्षाखेरीज इतर पक्षांवर बंदी घालणारा कायदा आला. पुढल्या वर्षी, ३० जून १९३४ रोजी झालेल्या हत्याकांडात पापेन यांचे निकटचे सहकारी मारले गेले. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी ‘वापरून घेऊ’ म्हटले होते त्यांच्यापैकी कोणाचा पक्षही जुलै १९३३नंतर उरला नव्हता.

आणि कथेचा दुसरा अर्धा भागही खरा झाला. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली, त्याच वर्षी ११ डिसेंबरला अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारले. ज्या आक्रमकतेने त्याला यश दिले होते तिनेच त्याला एकाच वेळी जगातील दोन प्रचंड राष्ट्रांच्या समोर उभे केले. ३० एप्रिल १९४५ रोजी बर्लिनच्या तळघरात तो स्वतःच्या हाताने मेला. वर, हात आणि माथा, तिन्ही अंगे येथे पूर्ण आहेत. केवळ ‘नाझी राक्षस’ म्हटले असते तर हिटलरच्या क्रौर्याची जाणीव झाली असती. ‘भस्मासुर’ म्हटल्याने हिंडेनबुर्ग, पापेन आणि ती ४४४ मतेही डोळ्यांसमोर येतात.

घराजवळचे उदाहरण

युरोपचे उदाहरण लांबचे वाटेल, म्हणून आपल्या कापसाच्या मुलुखातले एक घेतो. मी कापूस पिकविणाऱ्या घरातून आलो असल्यामुळे हा विषय मला पुस्तकातून कळलेला नाही.

मातीत आढळणाऱ्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घालून बी.टी. कपाशी तयार झाली. तिचे पान किंवा बोंड खाल्ले की बोंडअळी मरते. आपल्या देशात तिच्या लागवडीला २००२ साली परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले, आणि काही वर्षांतच जवळजवळ सगळा कापूस बी.टी. झाला. ती शक्ती खोटी नव्हती. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखरीच कमी झाल्या.

परंतु या वराला एक अट होती. बी.टी.च्या कडेने काही ओळी साध्या कपाशीच्या लावावयाच्या. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी त्यासाठीच मिळत असे. त्यामागचा विचार असा : लाखांत एखादी अळी विष पचवून जगतेच. तिच्या पतंगाला जोडीदार तसाच मिळाला तर विष पचविणारी प्रजा वाढते. पण शेजारच्या साध्या कपाशीवर वाढलेले पुष्कळ पतंग असतील तर जोडी त्यांच्याशी जमते आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. थोडे पीक अळीला सोडावयाचे आणि बाकीचे वाचवावयाचे, असा हा व्यवहार. दोन-चार एकरांच्या धन्याला तो परवडणारा वाटला नाही, आणि कोणी नीट समजावूनही सांगितले नाही. पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. त्यात भर पडली फरदडीची. वेचणी संपल्यावर पाणी देऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की चार पैसे जादा मिळतात. पण त्यामुळे गुलाबी बोंडअळीला, जिचा निर्वाह मुख्यतः कपाशीवरच होतो, हंगाम संपल्यावरही अन्न मिळत राहते.

परिणाम व्हावयाचा तो झाला. गुजरातेत २०१०च्या सुमारास गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही हे उघड झाले. पुढे दोन जनुकांचे बियाणेही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडून पाहावीत तर आत अळी, अशी अवस्था झाली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती : औषधांची मिश्रणे, उंच वाढलेले पीक, अंगावर संरक्षक कपडे नसणे. पण ज्या बियाण्याने फवारणीपासून सुटका होईल असे वाटले होते त्याच बियाण्याच्या शिवारात हे घडले, ही गोष्ट मनातून जात नाही.

यावर ‘बोंडअळीचे थैमान’ असे म्हणता येईल. ते खोटे नाही. पण त्याने अळी ही आभाळातून पडलेली आपत्ती ठरते. ‘बोंडअळीचा भस्मासुर’ असे कथेची आठवण ठेवून म्हटले तर लगेच पुढचा प्रश्न येतो : हिला हा वर कोणी दिला? बियाणे विकताना अट समजावून न सांगणाऱ्याने दिला, अटीची देखरेख न करणाऱ्याने दिला, पुडी फेकणाऱ्याने दिला, फरदड घेणाऱ्याने दिला. प्रत्येकाने थोडा थोडा दिला. हा प्रश्न कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नाही. तो विचारला की उपायही दिसू लागतो. दिलेला वर काढून घ्यावयाचा : फरदड घ्यावयाची नाही, पऱ्हाट्या वेळेवर उपटून नष्ट करावयाच्या, कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवावयाची. कृषी विद्यापीठे आज हेच सांगत आहेत. नेमका शब्द हा असा कामाचा असतो.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

यावर आमचे काही प्राध्यापक म्हणतील की, शब्दांचे अर्थ बदलतातच. शास्त्रापेक्षा रूढी बलवान असते. लोकांना भस्मासुर म्हणजे महासंकट असे वाटत असेल तर तोच त्याचा अर्थ. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे म्हणणे मला मान्य आहे, आणि शब्दांवर पहारा बसविण्याची हौस मला नाही. पण एखाद्या शब्दाचा अर्थ बदलताना आपल्याला काय मिळाले आणि आपण काय गमावले, हा हिशेब तरी मांडावयास हरकत नसावी. महासंकटासाठी मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही. संकट, अरिष्ट, राक्षस, आग्या वेताळ, पाहिजे तो घ्यावा. ‘आपणच दिलेल्या शक्तीने आपलाच केलेला घात’ हे सगळे एका शब्दात सांगणारा मात्र दुसरा शब्द मला सापडलेला नाही. तो गेला तर ती कल्पना सांगण्यासाठी दर वेळी एक वाक्य खर्चावे लागेल, आणि जी गोष्ट सांगावयास वाक्य लागते ती बहुधा सांगायची राहूनच जाते.

कथेत शेवटी मोहिनी येते आणि सारे निभावते. ही या कथेतली सर्वांत गोड आणि सर्वांत धोक्याची जागा आहे. असुर एक ना एक दिवस स्वतःच्या डोक्यावर हात ठेवणारच, अशी आपल्याला त्यामुळे खात्री वाटते. हिटलरने तो ठेवला हे खरे. पण त्याआधी कोट्यवधी माणसांच्या डोक्यांवर त्याचा हात पडून गेला होता. अळी तर स्वतःच्या डोक्यावर हात ठेवीतच नाही. मोहिनीवर भिस्त ठेवण्यापेक्षा वर देतानाच जरा थांबणे स्वस्त पडते.

आपल्यापुरते बोलावयाचे तर, यंदाच्या निबंध स्पर्धेत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा भस्मासुर’ असा विषय आला तर नवल नाही. त्या विषयावर लिहिताना आ वासलेला, गिळणारा, विळखा घालणारा असुर रंगविणे सोपे आहे आणि त्याला गुणही मिळतील. त्याऐवजी एवढेच विचारून पाहावे : निबंधच त्या यंत्राकडून लिहवून घेतला, तर वर कोणी दिला, हात कोणाचा आणि माथा कोणाचा? पूर्वी गाईड आणि ‘अपेक्षित’ यांच्या बाबतीतही हाच प्रश्न होता. परीक्षेत उपयोगी पडण्याची त्यांची शक्ती खरी होती, म्हणूनच तर ती इतकी खपली. आणि स्वतः विचार करून लिहिण्याची सवय मोडली तीही त्याच शक्तीने.

तेव्हा हा शब्द टाकून देऊ नये, आणि स्वस्तही करू नये. जेथे तिन्ही अंगे असतील तेथे तो बेधडक वापरावा. मात्र तो लिहिताना पुढच्या वाक्यात वर देणाऱ्याचे नाव घालावे. ते नाव सापडत नसेल तर शब्द खोडावा. आणि सापडलेले नाव आपलेच निघाले, तर शब्द बरोबर जागी पडला असे समजावे.